अडीच मीटर

मोरीपासून अडीच मीटर. हा आकडा आमच्या डोक्यातनं आलेला नाही. सरकारमान्य आहे. भारतीय मानक ब्यूरोचं वायरिंगचं एक मानक आहे, आयएस ७३२. त्यात लिहून ठेवलंय की विजेचा बोर्ड, म्हणजे मेन स्विच, कटआउट, फ्यूज जिथं बसतात तो फळा, गॅसच्या शेगडीवर लावायचा नाही. सिंकवर लावायचा नाही. धुण्याच्या जागेपासून अडीच मीटरच्या आत नाही. न्हाणीत नाही, संडासात नाही, स्वयंपाकघरात नाही. बोर्डाचा खालचा काठ जमिनीपासून सव्वा मीटर वर पाहिजे. उघडा बोर्ड असेल तर जागा कोरडी पाहिजे, हवेशीर पाहिजे.

वाचून बरं वाटतं. नियम चांगला आहे. एकही शब्द त्यातला चुकीचा नाही. पाणी आणि वीज यांचं वैर आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं.

आता दोस्तांनो, उठा. शिंप्याची टेप आणा नाहीतर काथ्याची दोरी आणा. अडीच मीटर म्हणजे आठ फूट दोन इंच. खोलीतल्या मोरीच्या कठड्यापासून आठ फूट दोन इंच मोजा आणि तिथं खूण करा. कुठं आलात? दहा बाय दहाच्या खोलीत समोरच्या भिंतीला टेकलात. त्या भिंतीला काय आहे? गॅस. गॅसपासून लांब जायचं तर परत मोरीकडं. आणि वस्तीत मोरी बहुतेक दाराशीच असते, कारण गटार बाहेर आहे, पाणी बाहेर काढायचं तर दुसरी वाट नाही. मग बोर्ड कुठं लावायचा? बाबासाहेबांच्या फोटोवर?

ज्यानं कुणी हा नियम लिहिला त्याच्या डोळ्यापुढं घर होतं. घर म्हणजे काय? हॉल, बेडरूम, किचन, बाथरूम, पॅसेज. म्हणून त्याला सहज लिहिता आलं की किचनमध्ये नको, बाथरूममध्ये नको. उरतो तो हॉल, उरतो तो पॅसेज, तिथं लावा. आमच्या खोलीला एकच नाव आहे, खोली. सकाळी ती न्हाणी असते, नऊला स्वयंपाकघर, दुपारी बिड्या वळायचा नाहीतर गोधड्या शिवायचा कारखाना, रात्री सात जणांचं अंथरूण. किचनमध्ये बोर्ड नको म्हणता, तर मग आमच्या अख्ख्या घरातच बोर्ड नको म्हणता की तुम्ही! नियमाप्रमाणं आम्ही अंधारात राहायला पाहिजे, आणि वीज घेतली की आम्ही नियमबाह्य.

बीडीडी चाळी १९२० च्या दशकात इंग्रज सरकारनं बांधल्या. खोली १६० चौरस फूट. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग. आपल्या चळवळीची किती पोरं त्या खोल्यांतून निघाली ते सांगायला नको. पुढं झोपडपट्टी पुनर्वसनात सरकारनं उदार होऊन २२५ चौरस फूट दिले, मग २६९, मग ३००. शंभर वर्षांत आम्ही १६० वरून ३०० वर आलो. त्यात स्वयंपाकाचा ओटा आणि न्हाणी-संडास यांच्यामध्ये भिंत आली हे खरं. पण बोर्ड दाराच्या आत शिरल्या शिरल्या, आणि दाराच्या आत शिरल्या शिरल्या ओटा. अडीच मीटर तिथंही मिळत नाही. सरकारनं आम्हाला घरटी एक मीटर दिला, अडीच मीटर दिले नाहीत.

मीटर खरोखर कुठं असतो ते बघत गेलो तर एक नकाशाच तयार होतो.

जिन्याखाली. हे सगळ्यात लाडकं ठिकाण. चाळीचा, इमारतीचा एकच जिना, त्याच्या पोटात चाळीस-पन्नास मीटर एकावर एक ठोकलेले. खाली मोडकी सायकल, जुन्या चपलांची पोती, पाण्याचा पिंप, कुणाची तरी भंगार गोळा करायची गाडी. राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) म्हणते, जिन्याच्या बंदिस्त जागेत विजेचं पॅनल असता कामा नये. का? कारण आग लागली तर माणसं जिन्यानंच उतरणार. आग जिन्याच्या पायथ्याशी लागली तर जिना धुराडं होतो. धूर वर चढतो, माणूस खाली येऊ शकत नाही. ६ ऑगस्ट २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या झाकिर नगरात हेच झालं. तळाशी मीटरच्या पेट्यांनी पेट घेतला, वरची माणसं झोपेत, सहा माणसं मेली. ६ ऑक्टोबर २०२३ ला गोरेगावला पुनर्वसनाच्या इमारतीत तळमजला पेटला, तिथं गाड्या आणि जुन्या कपड्यांची गाठोडी. किमान सात माणसं गेली. त्यानंतर पेपरात छापून आलं की लोक जिन्यात, पार्किंगमध्ये सामान ठेवतात, लोकांना शिस्त नाही. होय, सामान ठेवतात. जुन्या कपड्यांवर पोट भरणारा माणूस गाठोडं ठेवील कुठं? २२५ फुटांत बायकोपोरांवर ठेवील? सामान हलवा म्हणणारे शंभर भेटले. मीटर हलवा म्हणणारा एकही भेटला नाही.

सार्वजनिक संडासाच्या भिंतीला. हे दुसरं ठिकाण. भिंत पक्की विटांची असते ना, म्हणून. वस्तीत दुसरी पक्की भिंत नसते. संडासाची भिंत पलीकडून ओली, अलीकडून मीटर. पावसाळ्यात हात लावला तर भिंत झिणझिणते. बायका रांगेत टमरेल घेऊन उभ्या, पाय चिखलात, अंगाला चिकटलेलं ओलं लुगडं, आणि डोक्यावर कंपनीच्या मालकीचं यंत्र घरंघरं फिरतंय. (आता फिरत नाही म्हणा, आता लाल दिवा लुकलुकतो. प्रगती आहे.)

पत्र्यावर. याविषयी जरा थांबून बोललं पाहिजे, कारण इथं माणसं मरतात आणि कुणाला कळत नाही का मेली. झोपडीची भिंत पत्र्याची, छप्पर पत्र्याचं. खांबावरून आलेली सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेवरून आत घेतलेली. वाऱ्यानं वायर हलते, पत्र्याची कड सुरीसारखी, वर्षा-दोन वर्षांत वरचं प्लास्टिक कापलं जातं. मग फेज पत्र्याला टेकते. आता घरातली एक वस्तू नव्हे, घरच करंटचं झालं. भिंत, छप्पर, दाराची चौकट, पत्र्याला बांधलेली कपडे वाळत घालायची तार, सगळं जिवंत. कोरड्यात कळत नाही. पाऊस पडला, जमीन ओली झाली, आणि घरातली बाई बाहेर येऊन तारेवर पोराचं लंगोट टाकायला गेली. संपलं. तिला सोडवायला सासू धावते, ती चिकटते. मग पोरगा धावतो. पेपरात दोन ओळी येतात: विजेचा धक्का लागून एकाच कुटुंबातील अमुक जणांचा मृत्यू. कारण? शॉर्टसर्किट. हा शब्द फार सोयीचा आहे. आधी देवीचा कोप म्हणायचे, आता शॉर्टसर्किट म्हणतात.

तुम्ही म्हणाल, फ्यूज असतो की. फ्यूज उडत नाही का?

नाही उडत. आणि हे आपल्या प्रत्येक माणसाला कळलं पाहिजे म्हणून सरळ सांगतो. फ्यूज वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नसतो. घरातला फ्यूज पाच अँपिअरचा धरा. माणसाच्या छातीतून एक दशांश अँपिअर गेला तरी काळीज बंद पडू शकतं. म्हणजे फ्यूज उडायला जेवढी वीज लागते तिच्या पन्नासाव्या हिश्श्यात माणूस मरून जातो आणि फ्यूज आपला शाबूत. दिवा चालू, पंखा चालू, माणूस गेला. त्या काळ्या-पांढऱ्या छोट्या एमसीबीचंही तेच.

माणूस वाचवणारं यंत्र वेगळं आहे. आरसीसीबी म्हणतात, वायरमन लोक ईएलसीबी म्हणतात. जाणारी वीज आणि परतणारी वीज ते सतत तोलतं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे थोडीशी वीज कुठंतरी चोरवाटेनं, तुमच्या-माझ्या अंगातून जमिनीत चालली, की पापणी लवायच्या आत सगळं बंद. हे यंत्र चंद्रावरून आणायचं नाही. गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं.

मग ते सक्तीचं का नाही?

ऐका. भारतीय वीज नियम १९५६ मध्ये नंतर ६१-अ नावाचा नियम घातला गेला. गळती पकडणारं हे यंत्र प्रत्येक जोडणीला बसवा, असा तो नियम. पण त्यातच सूट ठेवली: पाच किलोवॅटच्या खालच्या कमी दाबाच्या जोडण्यांना हे लागू नाही. २०१० ची नवी सुरक्षा नियमावली आली, तिनंही लहान जोडण्यांची ती सूट पुढं चालवली. पाच किलोवॅट म्हणजे काय? एसी, गीझर, मोठा फ्रिज, कपडे धुवायचं मशीन. म्हणजे ज्याच्या घरात फरशी कोरडी, भिंत पक्की, पायात स्लीपर, त्याला यंत्र सक्तीचं. आणि ज्याच्या घरात दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही, भिंत पत्र्याची, जमीन शेणाची नाहीतर ओल्या कोब्याची, पाय उघडे, त्याला सूट! कसली सूट? मरायची सूट. मनूनं शूद्राला जास्त शिक्षा लिहून ठेवली होती. या साहेबांनी जात लिहिली नाही, किलोवॅट लिहिले. बेरीज तीच आली.

आता गावाकडं चला.

१९९७ पर्यंत गाव विजेचं झालं असं केव्हा म्हणायचे ठाऊक आहे? गावाच्या महसुली हद्दीत कुठंही, कशाहीसाठी वीज वापरली की झालं. पाटलाच्या मळ्यातली एक मोटार चालू झाली की अख्खं गाव कागदावर उजळलं. १९९७ ला सरकारला सुचलं की बाबा, माणसं राहतात त्या जागी वीज पाहिजे. आणि २००४ मध्ये व्याख्या पुन्हा बदलली, तेव्हा त्यात पहिल्यांदा लिहावं लागलं: रोहित्र आणि तारा वस्तीत पाहिजेत आणि दलित वस्ती असेल तर तिथंही पाहिजेत. शिवाय किमान दहा टक्के घरांत वीज पाहिजे. दलित वस्ती ही वेगळी लिहावी लागते, कारण वेगळी न लिहिली तर खांब वेशीपाशीच थांबतो, हे दिल्लीच्या सरकारलाही ठाऊक झालं होतं. २८ एप्रिल २०१८ ला जाहीर झालं, देशातलं शेवटचं गाव उजळलं. तेही याच दहा टक्क्यांच्या मोजपट्टीनं.

खांब आला. आनंद आहे. पण रोहित्र, म्हणजे आपली डीपी, कुठं ठेवली? गावाला नको असलेलं सगळं जिथं जातं तिथं. उकिरडा, मसणवटा, ढोरं फाडायची जागा आणि डीपी, सगळ्यांचा पत्ता एकच. पेटीला दार नाही, दार असलं तर कडी नाही. आत उघड्या फ्यूजतारा, कंबरेच्या उंचीला. शेजारी समाजमंदिराचं अंगण, पोरं विटीदांडू खेळतात. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं ठरवलं की जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायची. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर यायचं. चांगलं झालं, आमची पोरं पत्ता लिहिताना मान खाली घालणार नाहीत. पण पाटी बदलायला एक रंगारी लागतो. डीपी हलवायला ठराव, अंदाजपत्रक, मंजुरी आणि इच्छा लागते. ज्योतीनगरात डीपी तिथंच आहे.

जोडण्याही फुकट मिळाल्या, नाही म्हणत नाही. १९८८-८९ ला कुटीर ज्योती आली, झोपडीत एक दिवा. २००५ ला राजीव गांधींच्या नावाची, २०१७ ला सौभाग्य. महावितरणनं १४ एप्रिल २०२१ ला बाबासाहेबांच्या नावानं जीवन प्रकाश योजना आणली, अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना ५०० रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत. या सगळ्यांत मोजलं काय गेलं? जोडण्या. इतक्या लाख जोडण्या. मीटर घरात कुठल्या भिंतीला ठोकला, त्याच्याखाली रांजण होता की चूल होती, अर्थिंगची सळई जमिनीत किती गेली, हे कुणी मोजलं का? ठेकेदाराला पैसे जोडणीमागं. माणूस येतो, दिवसात पंचवीस घरं उरकायची असतात.

"आज्जी, मीटर हितं ठोकू का?"

"ठोक बाबा. लाईट येतीया न्हवं?"

झाली सुरक्षा. अर्जाला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो, वायरिंग तपासलं, अर्थिंग तपासलं, सगळं ठीक. तो रिपोर्ट किती ठिकाणी टेबलावरच जन्माला येतो आणि घराचं तोंड न बघता सहीशिक्क्यानिशी फायलीत जातो, ते ज्याच्या घरात मीटर आहे त्याला विचारा. अर्थिंग म्हणून मोरीशेजारी वीतभर खिळा ठोकलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

वायरमनवर माझा राग नाही. तो आपलाच आहे बहुतेक वेळा. कंत्राटी, हातमोजे नाहीत, पट्टा नाही, वरचा साहेब फोनवर म्हणतो लाईन बंद आहे, चढ. तो चढतो आणि लाईन चालू असते. त्याचं नाव कंपनीच्या हजेरीपटावरही नसतं. गटारात उतरणारा आणि खांबावर चढणारा, दोघं एकाच घरातले.

मीटरची जागा ठरवतं कोण, हा खरा प्रश्न आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे मीटरचे नियम २००६ चे आहेत. मीटर घरात बसवायचा की बाहेर, ते पुरवठा कंपनीच्या हातात. घरात बसवला तर सांभाळायची जबाबदारी तुमची. बाहेर काढायचा तर केव्हा काढतात? चोरीचा संशय असला की. वस्त्यांमधले मीटर खांबावर गेले, भिंतीवर गेले, ते आमच्या पोरांना शॉक लागू नये म्हणून गेले नाहीत. आम्ही चोर म्हणून गेले. रीडिंग घेणाऱ्याला दिसलं पाहिजे, आकडा टाकता येता कामा नये, या दोन विचारांनी जागा ठरते. त्या जागेखालून रोज डोक्यावर हंडा घेऊन जाणारी बाई तिसरा विचार म्हणूनही येत नाही. आणि तुम्हीच म्हणालात की मीटर मोरीवरून हलवा, तर अर्ज करा, खर्च भरा. लावताना विचारलं नाही, हलवताना पैसे मागतात.

चोरीचं म्हणाल तर एक निकाल सगळ्यांनी पाठ करावा. मध्य प्रदेश वीज मंडळ विरुद्ध शैलकुमारी, सर्वोच्च न्यायालय, जानेवारी २००२. पावसानंतर रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेनं एक माणूस मेला. मंडळ म्हणालं, आमचा दोष नाही, कुणीतरी चोरून वायर टाकली होती. न्यायालयानं ऐकलं नाही. इतकी धोक्याची वस्तू पुरवायचा धंदा तुमचा, तर ती कुणाला मारणार नाही हे बघणंही तुमचं, निष्काळजीपणा सिद्ध होवो न होवो. भरपाई द्या. आपल्या वस्तीत कुणी मेलं की पहिला प्रश्न येतो, आकडा होता का? या प्रश्नानं घरचे गप्प होतात, पंचनामा वाकडा होतो, भरपाई बुडते. यापुढं गप्प व्हायचं नाही. वीज कायदा २००३, कलम १६१. अपघाताची खबर द्यावी लागते, विद्युत निरीक्षकाकडून चौकशी करवता येते. पोलीस पाटलाच्या कागदावर भागवू नका. निरीक्षकाचा अहवाल मागा, नक्कल घ्या.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पुस्तकात विजेच्या धक्क्यानं मेलेल्यांचा आकडा अलीकडं दरवर्षी दहा हजारांच्या वर असतो. तिथं वय आहे, बाई की पुरुष आहे. जात नाही, भिंत पत्र्याची की विटांची ते नाही, मीटर मोरीपासून किती फुटांवर ते नाही. जे मोजायचं नसतं ते असंच सुटतं.

आपल्यातलेच काही शिकलेले म्हणतात, अहो हा काय दलितांचा प्रश्न आहे? वीज जात बघून शॉक देते का? वीज नाही बघत. पण वीज कुठं ठेवायची ते ठरवणारा बघतो. आणि एक आठवण करून देतो. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच खात्याकडं वीज होती. १९४४ ला केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच काळात उभं राहिलं. वीज स्वस्त पाहिजे, भरपूर पाहिजे, त्याशिवाय या देशातलं दारिद्र्य हलणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. जयंतीला आपण पाच हजार दिव्यांची माळ लावतो, तीही बऱ्याचदा त्याच उघड्या डीपीवरून. विजेवर बोललेले बाबासाहेब मात्र भाषणात येत नाहीत.

मागायचं काय? आरसीसीबी प्रत्येक जोडणीला, किलोवॅट न बघता, कंपनीच्या खर्चानं, कारण मीटर तुम्ही देता तर त्याच्या खालचं हेही द्या. दर दहा घरांमागं एक खरं अर्थिंग, सळई खोल, खड्ड्यात मीठ-कोळसा, त्यावर वर्षातून एकदा तपासणीची तारीख रंगवलेली. मीटर बंद पेटीत, सव्वा मीटरच्या वर, पुराची खूण जिथं आहे तिच्याही वर. मुंबईकरांनी २६ जुलै २००५ आठवावी, सांताक्रूझला दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, खालच्या चाळींत पाणी छातीला. जिन्याखालचे मीटर बाहेर. सर्व्हिस वायर पत्र्यातून जाईल तिथं पीव्हीसीचा पाइप. हलवायचा खर्च ग्राहकाला नाही. आणि घर मोठं द्या, हे सगळ्यात आधी म्हणायला पाहिजे होतं, पण ते म्हटलं की ऐकणारा कानात बोळे घालतो, म्हणून शेवटी लिहिलं.

तोवर टेप गुंडाळून ठेवू नका. आपापल्या वस्तीतली वीस घरं घ्या. मोरीपासून बोर्ड किती फूट, गॅसपासून किती, जमिनीपासून किती, पत्र्याला टेकला आहे का, डीपीला दार आहे का. वहीच्या पानावर लिहा, घरमालकाचं नाव नको, वस्तीचं नाव आणि तारीख पुरे. एक प्रत उपअभियंत्याच्या टेबलावर ठेवून दुसरीवर पोच घ्या. तिसरी आमच्याकडं पाठवा, पुढच्या अंकात पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत, कविता थोड्या कमी छापू.